विजयदुर्ग समुद्राच्या बाजूने बघायचाय, बाबा ८२ वर्षांचे आहेत

करवंद | १२ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी. माहिती हवी आहे होडीची, भरती-ओहोटीची आणि थोडी इतिहासाची. पण कशासाठी हवी ते आधी सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्याला सोपं जाईल.

आमचं मूळ गाव गिर्ये, विजयदुर्गाच्या अलीकडचं. आम्ही गाबीत, दर्यावर जगणारे मच्छीमार. बाबांचा जन्म तिथलाच, १९४३ चा. १९५२ च्या पावसाळ्यात त्यांची आई तापाने गेली. वडील त्याआधीच गेलेले. पुढच्या मे महिन्यात, परळला गिरणीत कामाला असलेले काका आले आणि बाबांना नि आत्याला बोटीने मुंबईला घेऊन गेले. तेव्हापासून बाबा गावाला गेलेले नाहीत. भांडण नाही, वाद नाही. घर पडलं, जमीन चुलतभावंडांनी कसली, आणि "जावचा कोणाकडे?" एवढंच ते ७२ वर्षं म्हणत राहिले. मी डोंबिवलीत वाढले, शाळेत शिकवते. वयाच्या ५१ व्या वर्षापर्यंत माझं गाव मी फक्त नकाशावर पाहिलंय, हे लिहिताना जिवाला लागतं.

यंदा ११ जुलैला मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यात विजयदुर्ग आहे. बाबांनी वर्तमानपत्रातली ती बातमी कापून बँकेच्या पासबुकात ठेवली. तीन दिवस काही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाले, "माका बुरूज मोजूचे रवले."

ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मे महिना असल्यामुळे बोटीत आंब्याच्या पेट्या चढत होत्या आणि त्या संपता संपत नव्हत्या. बोट खाडीत उभी, माणसं होडीने तिच्यापर्यंत जात होती. निघेपर्यंत दिवस कलला. बोट खाडीच्या तोंडातून बाहेर पडली तेव्हा किल्ला डाव्या अंगाला होता आणि मावळतीचं ऊन तटावर पडून सगळा दगड तांब्याच्या हंड्यासारखा झाला होता. दहा वर्षांचा मुलगा कठड्याला धरून बुरूज मोजायला लागला. अकरा झाले. बाराव्याला पाण्याचा सपकारा आला आणि काकांनी त्याला दंडाला धरून खाली नेलं. पुन्हा वर येईपर्यंत किल्ला मागे गेला होता. "अकरा मोजलंय, बाराव्याक काकान माका खाली ओढल्यान." आम्ही भावंडं हे वाक्य ऐकतच मोठी झालो.

तर त्यांना किल्ला चढून बघायचा नाही. पाण्यातून बघायचाय. माझे प्रश्न असे की विजयदुर्गाला किल्ल्याभोवती होडीने नेणारं कोणी मिळतं का? बाबांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, सपाट जमिनीवर काठी घेऊन नीट चालतात, पण हलत्या होडीत पाय टाकणं जमेल का? महिना कोणता बरा? मुंबईची काही ओळखीची माणसं म्हणतात, त्यापेक्षा मालवणला जा, सिंधुदुर्गाला होड्या सतत सुटतात. पण तो त्यांचा किल्ला नाही.

आणखी दोन गोष्टी. आमच्या घरात सांगतात की आमचा एक पूर्वज धुळपांच्या गुराबेवर, म्हणजे लढाऊ जहाजावर, तांडेल (खलाशांचा प्रमुख) होता आणि इंग्रजांनी आरमार जाळलं तेव्हा तो आगीतून पोहत किनाऱ्याला आला. याचा कागद कुठे सापडू शकतो का? आणि हेलियम वायू विजयदुर्गावरून शोधला गेला असं बाबा नातवाला अभिमानाने सांगतात, ते खरं आहे ना? नातू नऊ वर्षांचा आहे आणि तो शाळेत जाऊन सांगणार आहे.

---

वाघोटन_काठ | १२ ऑक्टोबर २०२५

ताई, मी विजयदुर्गातलाच, बंदराजवळ राहतो. वाचून आईला वाचून दाखवलं.

मालवणसारखी तिकीट काढून बसायची सोय इथे धरून चालू नका. पण बंदरावर मच्छीमारांच्या होड्या असतात, आदल्या दिवशी येऊन बोललात तर नेणारा माणूस मिळतो. फक्त एक समजून घ्या. किल्ल्याची उत्तरेची आणि पूर्वेची बाजू खाडीकडे आहे, तिथलं पाणी बरंचसं शांत. पश्चिमेची बाजू उघड्या दर्याची. तिथे तटाच्या पायथ्याला खडक पसरलेत, काही भरतीत दिसत नाहीत. जाणता माणूस तिकडे तटाला खेटून होडी घालणार नाही, लांबून फिरवेल. लाट असली तर तोंडाशी नेऊन परत आणेल. तो परत फिरतो म्हणाला तर हट्ट करू नका.

आता वेळ. हिवाळ्यात पहाटेपासून सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत मतलई वारा असतो, जमिनीवरून दर्याकडे. पाणी बशीतल्या चहासारखं. दुपारी खारा वारा सुटला की होडी नाचायला लागते. म्हणून म्हातारं माणूस असेल तर सकाळ.

भरतीचा हिशेब आमच्याकडे अजून तिथीवर करतात. तिथीचा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ साधारण हाती येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. दोन्ही वेळांना, दिवसाही आणि रात्रीही. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, तो इथे विचारून घ्या. तुम्हाला हे महत्त्वाचं अशासाठी की पाणी भरलेलं असताना होडीचा काठ धक्क्याच्या जवळ येतो आणि वडिलांना खाली उतरायला फार लागत नाही. सुकतीला तीच होडी पुरुषभर खाली असते, शेवाळलेल्या पायऱ्यांवरून उतरावं लागतं. तेव्हा अजिबात नेऊ नका.

अमावस्या-पौर्णिमेचं उधाण टाळा, पाण्याला ओढ फार असते. अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी मंद चढतं, मंद उतरतं. डिसेंबरात १३ तारखेला शनिवारी नवमी आहे. नवाचा पाऊणपट पावणेसात. सकाळी सात-साडेसातला होडीत बसलात तर पाणीही भरलेलं आणि वाराही पडलेला. तुमच्यासाठी याहून बरा दिवस मला दिसत नाही.

होडीत खुर्ची ठेवू नका, लोक ठेवतात. खुर्ची घसरते. गोणपाटावर जुनी गादी घालून तळाला बसवायचं, पाठीला फळी. लाइफ जॅकेट सक्तीने.

बुरुजांचं सांगतो, कारण वडील मोजणार आहेत. किल्ल्याचे बुरूज सत्तावीस म्हणतात. पण तट तिहेरी आहे, बाहेरचा, मधला आणि बालेकिल्ल्याचा, आणि बुरूज या सगळ्यांत वाटलेले. पाण्यातून सत्तावीस कधीच दिसायचे नाहीत. त्यांना हे आधी सांगावं की नाही ते तुम्ही ठरवा. आणखी एक, चिलखती तटाचा थोडा भाग २०२० च्या पावसाळ्यात ढासळला. त्यांनी पाहिला तसा सगळा तट आता नाही.

गिर्येत आलात की रामेश्वराला जाल. देवळाकडे उतरायची वाट कातळ फोडून काढलेली आहे, दोन्ही बाजूंना भिंतीसारखा जांभा. उतार आहे, काठी लागेल. आणि वाघोटन खाडीच्या अंगाला जुनी गोदी आहे, आरमाराची. कातळ खोदून केलेली. भरतीला गलबत आत घ्यायचं, तोंड बंद करायचं, ओहोटीला पाणी काढून तळाची दुरुस्ती करायची. आज आत गाळ भरलाय, पण आकार कळतो. वडिलांना विचारा, ते तिथे पोहले असतील.

---

करवंद | १३ ऑक्टोबर २०२५

दादा, किती मनापासून लिहिलंत. बाबांना फोनवरून वाचून दाखवलं. गोदीचं नाव काढल्यावर म्हणाले, "थंय आमी चिंबोऱ्ये पकडूक जाव." मला हे आजवर माहीत नव्हतं.

फक्त एकच. त्यांनी किल्ला पाहिला तो संध्याकाळच्या उन्हात. सकाळी सूर्य किल्ल्याच्या मागे असणार ना? समुद्राकडची बाजू सावलीत राहील.

---

वाघोटन_काठ | १३ ऑक्टोबर २०२५

राहील. पण ऊन बघायचं की माणूस, हे आधी ठरवायला हवं. दोन दिवस हाताशी ठेवून या. एखाद्या दिवशी सांजेला वारा लवकर पडतो. ते आदल्या दिवशी नाही सांगता येत, त्याच दिवशी चारच्या पुढे दर्या बघून कळतं.

---

मोडीप्रेमी | १४ ऑक्टोबर २०२५

पूर्वजांबद्दल. तुमच्या घरच्या गोष्टीत दोन काळ एकत्र झालेत, पण त्यामुळे ती खोटी ठरत नाही, उलट मला ती जास्त विचार करण्यासारखी वाटते.

आरमार जळालं ते फेब्रुवारी १७५६ मध्ये, आणि ते धुळपांचं नव्हे, तुळाजी आंग्र्यांचं. त्याआधी कान्होजींच्या हयातीत इंग्रजांनी १७१७ ला आणि पुन्हा १७२० ला हा किल्ला घ्यायचा प्रयत्न केला होता, दोन्ही वेळा हात हलवत परत गेले. १७२४ ला डचांचंही तेच झालं. १७५६ ला मात्र वॉटसनचं आरमार समुद्रातून आणि क्लाइव्हची फौज जमिनीवरून आली, आणि पेशवे त्या वेळी तुळाजीच्या विरोधात इंग्रजांच्या बाजूला होते. तोफेच्या माऱ्याने एका जहाजाला आग लागली, खाडीत एकमेकांना बांधून उभी असलेली गुराबं आणि गलबतं एकापाठोपाठ एक पेटली. काही तासांत दोन पिढ्यांचं आरमार राख झालं. मराठ्यांच्या इतिहासातलं हे पान मला आजही शांतपणे वाचता येत नाही, कारण ती जहाजं जाळायला आपणच साथ दिली.

इंग्रजांनी त्याच वर्षी बाणकोट घेऊन विजयदुर्ग पेशव्यांना दिला आणि तिथे पेशव्यांचं आरमार उभं राहिलं. त्याचे सुभेदार आनंदराव धुळप. त्यांनी एप्रिल १७८३ मध्ये इंग्रजांचं रेंजर जहाज पकडलं, ती लढाई प्रसिद्ध आहे. १८१८ ला सगळंच संपलं.

आता तांडेलाचं. धनी बदलला तरी दर्या जाणणारी माणसं तीच राहतात. आंग्र्यांच्या जहाजावर जळता जळता वाचलेला तरुण पुढे धुळपांच्या गुराबेवर तांडेल झाला, यात अशक्य काहीच नाही. किंवा आगीतून पोहून आला तो बाप आणि तांडेल झाला तो मुलगा, आणि घरात सांगता सांगता दोघांचा एक झाला. असं फार ठिकाणी होतं.

कागद शोधायचा तर पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे, मोडीतलं. पण आशा बेताची ठेवा. मी जे आरमाराचे कागद चाळलेत त्यांत खलाशी आणि तांडेल नुसत्या नावाने येतात, क्वचित बापाच्या नावाने. आडनाव जवळजवळ नाहीच. त्यामुळे "हा आमचाच" असं छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. त्यापेक्षा आधी गावात विचारा. देवळातला मान कोणाच्या घराकडे आहे, होळीला पहिला हात कोणाचा, नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ कोण सोडतं. कागदात पुसलेली गोष्ट कोकणात पुष्कळदा मानात टिकून राहते.

---

खग्रास | १४ ऑक्टोबर २०२५

नातू शाळेत सांगणार आहे म्हणून लिहितो, नाहीतर बाबांच्या अभिमानात मध्ये पडलो नसतो.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं आणि त्याचा पट्टा कोकण किनाऱ्यापासून विजापूर-जमखंडीवरून गुंटूरपर्यंत गेला. विजयदुर्ग त्या पट्ट्यात येतो. फ्रेंच शास्त्रज्ञ यान्सेन यांनी ते ग्रहण गुंटूरहून पाहिलं. ज्यांचं नाव विजयदुर्गाशी जोडतात ते नॉर्मन लॉकियर मात्र त्या वेळी भारतात नव्हते. ग्रहणानंतर दोन महिन्यांनी, २० ऑक्टोबरला, त्यांनी लंडनहून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेचा वर्णपट तपासला. त्यात एक पिवळी रेषा होती, ती कोणत्याही माहीत असलेल्या मूलद्रव्याची नव्हती. तेच पुढे हेलियम ठरलं. पृथ्वीवर तो वायू १८९५ ला रॅम्झी यांना सापडला.

किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' म्हणून जागा दाखवतात. नातवाला सांगा की ज्या ग्रहणाने ही गोष्ट सुरू झाली, त्याची सावली आपल्या किल्ल्यावरून गेली होती. हे खरं आहे आणि शाळेत सांगण्यासारखंही आहे.

---

मेढ्याची_वेळ | १६ ऑक्टोबर २०२५

मालवणहून. सिंधुदुर्ग आमचा आहे, तरी मी सांगते, या खेपेला फक्त विजयदुर्गच करा. दोन दिवसांत दोन जलदुर्ग केले तर बाबांचा एकही होणार नाही. आमच्याकडे होडीत चढणं, पलीकडे उतरणं, आत उन्हात चालणं आहे. शिवराजेश्वराचं देऊळ, चुन्यात उमटलेला महाराजांचा हात नि पाय, दूध विहीर, साखर विहीर, दही विहीर हे सगळं नातवाला घेऊन पुन्हा या. समुद्राच्या मधोमध गोडं पाणी कसं लागतं ते त्याने तोंडाने चाखून बघायला हवं.

---

करवंद | २१ डिसेंबर २०२५

जाऊन आलो. उशिरा लिहितेय, कारण आल्यावर दोन दिवस शाळा आणि दोन दिवस नुसतं बसून राहणं.

तुतारी एक्सप्रेसने वैभववाडीला उतरलो, तिथून तळेऱ्यावरून गाडीने. बाबा, मी, माझा भाऊ आणि त्याचा मुलगा. गाडीवाल्याने "खयसर जावचा?" विचारलं आणि बाबांनी जे उत्तर दिलं, ते ऐकून भाऊ नि मी एकमेकांकडे बघायला लागलो. घरात ते मालवणी बोलतात ती दोन-चार वाक्यांची. बाकी मुंबईची भाषा. त्या गाडीत पुढचा दीड तास ते न थांबता बोलत होते आणि त्यातले कितीतरी शब्द मी पहिल्यांदा ऐकले. पाऊस उघडल्यावर दर्या कुठल्या रंगाचा होतो त्याला शब्द आहे. सुकतीच्या शेवटच्या पाण्याला वेगळा शब्द आहे. मी लिहून घ्यायला हवे होते, ते राहिलं.

घर नाही. चौथरा आहे, चिऱ्यांचा, त्यावर करवंदीची जाळी. बाबांनी काठीने जाळी बाजूला करून पायरी शोधली. पहिल्या पायरीच्या दगडाला एक खळगा आहे, त्यात त्यांची आई मीठ वाटायची. तो खळगा तिथे होता. पलीकडच्या घरातून एक आजी बाहेर आल्या, डोळ्यांवर हात धरून बघत राहिल्या आणि बाबांच्या आईचं नाव घेऊन म्हणाल्या, "तिचो झील मा रे तू?" बाहत्तर वर्षांनी आईच्या नावाने ओळखलं. त्यांनी आम्हाला पेज आणि सुकटीची चटणी खायला घातली. "जावचा कोणाकडे?" हा प्रश्न त्यानंतर बाबांनी काढलेला नाही.

मोडीप्रेमी, तुमच्या सांगण्यावरून मानाचं विचारलं. त्या आजी म्हणाल्या की नारळी पौर्णिमेला आमच्या घराचा नारळ वेगळा असायचा, बाबांचे वडील गेले तेव्हापासून थांबला. का वेगळा, ते त्यांना सांगता आलं नाही. एवढाच धागा. मी जानेवारीपासून मोडी शिकायला जाणार आहे, नाव नोंदवलंय.

रामेश्वराची ती कातळातली वाट बाबा एका हाताने जांभा चाचपत उतरले. गोदीला गेलो. गाळात नातू गुडघ्यापर्यंत रुतला, त्याला ओढून काढताना सगळ्यांचे कपडे गेले.

आता होडीचं. शनिवारी सकाळी, वाघोटन_काठ दादांनी सांगितलं तसंच, सव्वासातला धक्क्यावर. पाणी भरलेलं, होडीचा काठ हाताशी. दादा स्वतः आले होते. दोघांनी बाबांना काखेत धरलं आणि एका पावलात आत. गादी, फळी, जॅकेट सगळं तयार. पाणी खरंच हलत नव्हतं. खाडीच्या तोंडातून बाहेर पडलो, तांडेलाने होडी लांबून पश्चिमेला घेतली, खडकांवर पांढरी रेघ दिसत होती. आणि किल्ला वर आला. काळा. सूर्य मागे, सगळा तट एकाच काळ्या रंगाचा, बुरूज एकमेकांत मिसळलेले. बाबांनी दोन्ही हातांनी डोळ्यांवर सावली केली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "ह्यो न्हय." मोजलंच नाही. परत येताना कोणी बोललं नाही. मला माझाच राग आला. मी हे ऑक्टोबरातच विचारलं होतं आणि तरी सकाळच धरली.

दुपारभर ते खोलीत झोपून होते. रविवारी परतीची गाडी रात्रीची. चार वाजता आम्ही बंदरावर नुसते बसलो होतो. वारा होता, पाण्यावर बारीक काटा उठत होता. पाचच्या सुमारास तो पडायला लागला. कालचाच तांडेल जाळं नीट करत बसला होता. आम्ही काही विचारलं नव्हतं. त्याने उठून दर्याकडे बघितलं, मग बाबांकडे, आणि म्हणाला, "आजोबानू, चला. पाणी भरता हा. लांब नेवचंय नाय, तोंडाशी थांबवतंय."

पाण्याला अजून चढायचं होतं, होडी दोन हात खाली होती. या वेळी तिघे लागले उतरवायला. गुडघा दुखला असणार, पण त्यांनी आवाज केला नाही. खाडीच्या तोंडाशी होडी उभी केली, मशीन बंद केलं. होडी हलत होती, सकाळसारखं नव्हतं. मावळतीचं ऊन तटावर आलं आणि दगड तांबूस झाला. तटावरचं गवतसुद्धा वेगळं दिसत होतं. ढासळलेली जागाही दिसली. बाबा तिथे क्षणभर थांबले, मग बोट पुढे नेलं. बोटाने मोजत होते, ओठ हलत होते, आवाज नव्हता. बारावा आला तेव्हा मी त्यांचा दंड घट्ट धरून बसले होते, आणि हे माझ्या नंतर लक्षात आलं.

चौदा, असं म्हणाले. तांडेल म्हणाला, "पंधरा आसत हयसून." नातू म्हणाला सोळा, आणि त्याने प्रत्येक बुरूज बोटाने दाखवला. त्यातला एक बाबांनी मान्य केला नाही, तो बुरूज नव्हे, तटाचं वळण आहे म्हणाले. तांडेलाने नातवाची बाजू घेतली. ऊन गेलं, तट राखाडी झाला तरी तिघांचं चाललंच होतं. धक्क्याला लागेपर्यंत ठरलं नाही.

वाघोटन_काठ दादा, फेब्रुवारीतली अष्टमी-नवमी कधी येते ते बघून कळवाल का? संध्याकाळच धरा. आत्यालाही आणतेय, ती ७९ वर्षांची आहे, पण तिचे गुडघे चांगले आहेत.